गिरणा कर्नल : कोडच्या मांडणीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार, भुसावळ

गिरणा या आमच्या हौशी ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, सध्या क्यूईएमयू या आभासी यंत्रात सुरू होतो, सिरीयल पोर्टवर ओळी छापतो, टायमरचे ठोके मोजतो आणि कीबोर्डवरच्या कळा ओळखतो. एवढ्या कामाला एकच फोल्डर पुरला. आता मेमरी व्यवस्थापन आणि त्यामागोमाग प्रोसेस यायच्या आहेत, आणि या दोहोंचा संबंध कर्नलच्या प्रत्येक भागाशी येतो. त्यामुळे नवे कोड लिहिण्याआधी जुन्याची जागा आणि नव्याची हद्द ठरवून घेणे अगत्याचे आहे. चाळीसगावचा माझा मावसभाऊ ड्रायव्हरचा भाग सांभाळतो. आम्ही दोघे दोन गावी, आपापल्या सवडीने काम करतो, आणि फोनवर ठरलेली गोष्ट महिनाभराने दोघांना दोन प्रकारे आठवते. म्हणून मांडणीचे निर्णय कारणांसह या नोंदींत लिहून ठेवायचे ठरले आहे.

आधी आवाका. प्रोसेसर एक्स८६-६४ आणि तूर्त त्याचा एकच कोअर, भाषा सी, आणि जिथे गत्यंतर नाही तिथे असेम्ब्ली, कर्नल मोनोलिथिक, म्हणजे सगळे भाग एकाच प्रोग्राममध्ये. स्वतःचा बूटलोडर, म्हणजे कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम, लिहायचा नाही. बायोस, म्हणजे संगणक सुरू होताच चालणारा त्यातला प्रोग्राम, डिस्कच्या पहिल्या सेक्टरचे ५१२ बाइट हेक्स ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवतो, त्यातले शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए असावे लागतात, आणि तिथून स्वतःच्या बळावर डिस्क वाचत वाचत लाँग मोडपर्यंत, म्हणजे प्रोसेसरच्या ६४ बिटी अवस्थेपर्यंत, पोहोचणे हा शिकण्यासारखा विषय आहे; पण तो स्वतंत्र प्रकल्प आहे. गिरणा ग्रब या तयार बूटलोडरकडून मल्टिबूट २ या ठरलेल्या रीतीने सुरू होईल. नेटवर्क, यूएसबी आणि ग्राफिक्स या वर्षी येणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी रिकामी फोल्डरही करून ठेवायची नाहीत. रिकाम्या फोल्डरमध्ये काय असावे आणि काय नसावे हे कोणी ठरवलेले नसते, त्यामुळे जागा सुचली नाही असे प्रत्येक कोड शेवटी तिथेच जाऊन पडते.

१९ जानेवारी, रविवार

आधीच्या लोकांनी आपापल्या कर्नलची घडी कशी बसवली ते आज सलग पाहिले. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या १९७५ मधल्या सहाव्या आवृत्तीत कर्नलचे सी कोड प्रामुख्याने दोन फोल्डरांत होते, एकाचे नाव केन आणि दुसऱ्याचे डीएमआर. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्यावरून पडलेली ही नावे वरवर खासगी वाटतात. आत पाहिले की केनमध्ये प्रोसेस, फाइल सिस्टिम आणि सिस्टिम कॉल (प्रोग्रामांनी कर्नलकडे केलेल्या मागण्या) सापडतात, तर डीएमआरमध्ये मुख्यतः उपकरणांचे ड्रायव्हर. विभागणी चोख आहे, नावे काहीही असोत.

सप्टेंबर १९९१ मधल्या लिनक्स ०.०१ मध्ये बूट, एफएस, इन्क्लूड, इनिट, कर्नल, लिब, एमएम आणि टूल्स अशी फोल्डर होती. आर्च, म्हणजे प्रोसेसरनिहाय कोडचा फोल्डर, नव्हता, कारण ते सारे इंटेलच्या ३८६ साठीच लिहिलेले होते. मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स यांचे कोड आले, आणि तिथे आर्च फोल्डर त्याच्या पोटफोल्डरांसह दिसतो. एमआयटीने २००६ पासून शिकवण्यासाठी वापरलेल्या एक्सव्ही६ मध्ये याच्या अगदी उलट, सगळा कर्नल एका सपाट फोल्डरमध्ये आहे. पण तिथेही सर्व फंक्शनांची घोषणा करणारी एकच हेडर फाइल आहे आणि तिच्यात प्रत्येक सी फाइलची फंक्शने वेगळ्या गटात मांडली आहेत. एवढ्या लहान कर्नलमध्ये तेवढी शिस्त पुरते, कारण वाचणाऱ्याला सगळे कोड डोक्यात ठेवता येते.

या तिन्हींकडे पाहून माझे मत असे झाले आहे की फोल्डर किती आणि कोणत्या नावांचे, हा दुय्यम प्रश्न आहे. कोणत्या भागाने कोणत्या भागाला कॉल करावा आणि कोणाला करू नये, हे ठरले की फोल्डर आपोआप ठरतात, आणि ते ठरले नसेल तर कितीही नेटके फोल्डर केले तरी त्यांच्या भिंतींतून कोड आरपार जाते. गिरणाची मांडणी आम्ही या एका प्रश्नावर बेतणार आहोत.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून परतल्यावर दुपारभर बसून थर ठरवले. सर्वांत खाली लिब : स्ट्रिंगची फंक्शने, मेमरीची नक्कल करणारी फंक्शने, बिटमॅप, लिंक्ड लिस्ट, आणि संख्या मजकुरात बदलणारे कोड. लिब कोणालाही कॉल करणार नाही. त्यावर आर्च : असेम्ब्ली, पोर्टवर लिहिण्या-वाचण्याच्या सूचना, जीडीटी (सेगमेंटांचे टेबल), आयडीटी (इंटरप्टचे टेबल), पेज टेबले (आभासी पत्त्यावरून भौतिक पत्ता सांगणारी). आर्चला फक्त लिब माहीत. त्यावर कर्नल : मेमरी, शेड्यूलर (कोणती प्रोसेस केव्हा चालवायची ते ठरवणारा), सिस्टिम कॉल. कर्नलला लिब माहीत, आणि आर्चची एकच सार्वजनिक हेडर फाइल माहीत. सर्वांत वर ड्रायव्हर्स. त्यांनी कर्नलला हवे तितके कॉल करावेत. कर्नलने मात्र कोणत्याही ड्रायव्हरचे नाव घ्यायचे नाही.

दुसरा प्रोसेसर दृष्टीपथात नसताना आर्च कशाला, असे भावाने विचारले आणि प्रश्न रास्त होता. आर्च आम्ही पोर्टिंगसाठी करत नाही. पोर्टवर थेट लिहिणारी सूचना किंवा कंट्रोल रजिस्टर बदलणारी सूचना फायलीफायलींत विखुरलेली असेल, तर यंत्र अचानक थांबल्यावर शोधायचे कुठे हेच कळत नाही; ती एका जागी असली की संशयाची जागाही एकच राहते.

उलट दिशेचा कॉल मात्र लागतोच. इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवायला लावणारा संकेत, आला की प्रोसेसर प्रथम आर्चमधल्या असेम्ब्लीत येतो, आणि काम असते कर्नलचे किंवा ड्रायव्हरचे. त्यासाठी आर्चमध्ये २५६ खणांचे एक टेबल ठेवले आहे. ज्याला ज्या क्रमांकाचा इंटरप्ट हवा, त्याने आपल्या फंक्शनचा पत्ता त्या खणात नोंदवायचा. आर्च त्या पत्त्यावर कॉल करतो, पण तो कोणाचा आहे हे त्याला ठाऊक नसते.

हे नियम केवळ कागदावर राहिले तर घाईच्या दिवशी मोडतील, म्हणून ते मेकफाइलच्या, म्हणजे कोड कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलच्या, स्वाधीन केले. प्रत्येक फोल्डर कंपाइल होताना त्याला जेवढ्या हेडर पाहण्याची मुभा आहे तेवढेच मार्ग कंपायलरला दिले जातात. लिबमधल्या एखाद्या फाइलने कर्नलची हेडर मागितली तर ती सापडत नाही आणि काम तिथेच अडते. सी भाषेत याला एक पळवाट आहे : हेडर न घेता परक्या फंक्शनची घोषणा हाताने लिहिता येते. ती बुजवण्यासाठी प्रत्येक फोल्डरची वेगळी लायब्ररी बनवली आणि त्या लायब्ररीत बाहेरून अपेक्षित असलेली नावे एनएम या साधनाने काढून परवानगीच्या यादीशी ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट जोडली. लिबची परवानगीची यादी रिकामी आहे, आणि ती तशीच राहावी यासाठी मी आग्रही राहणार आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

कंपायलरचा प्रश्न आज मिटवला. भावाच्या लॅपटॉपवर लिनक्ससोबत आलेला जीसीसी होता, माझ्याकडे क्रॉस कंपायलर. सोबत आलेला कंपायलर असे गृहीत धरतो की तयार होणारा प्रोग्राम लिनक्सवरच चालणार आहे, आणि त्याच्या या गृहीतांना एकेक पर्याय देऊन बंद करत बसण्यापेक्षा ती मुळातच नसलेला कंपायलर बांधून घेणे बरे. बिनयूटिल्स आणि जीसीसी यांच्या ठराविक आवृत्त्या घेऊन क्रॉस कंपायलर बांधणारी स्क्रिप्ट आता कोडच्या साठ्यात, म्हणजे रेपोमध्येच आहे.

कंपायलरच्या पर्यायांपैकी एकाचे कारण इथे लिहून ठेवतो. एक्स८६-६४ च्या प्रचलित कॉलिंग पद्धतीत स्टॅक पॉइंटरच्या (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीचे टोक दाखवणाऱ्या रजिस्टरच्या) खालचे १२८ बाइट फंक्शनला न विचारता वापरता येतात. त्याला रेड झोन म्हणतात. कर्नल चालू असताना इंटरप्ट आला की प्रोसेसर त्याच जागेवर आपली रजिस्टरे टाकतो आणि फंक्शनची तिथली मूल्ये पुसली जातात. हा दोष रोज दिसत नाही, टायमरचा ठोका नेमक्या क्षणी पडला तरच दिसतो, आणि म्हणूनच त्याची फार धास्ती वाटते. लिब, आर्च, कर्नल आणि ड्रायव्हर्स या सगळ्यांसाठी रेड झोन बंद.

लिबबद्दल आणखी एक. स्वतंत्र वातावरणासाठी कंपाइल केले तरी जीसीसी स्वतःहून मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्पेअर यांना कॉल घालू शकतो, त्यामुळे ही चार फंक्शने आपण पुरवावीच लागतात. त्यातही मेमसेटच्या आतला साधा लूप पाहून ऑप्टिमायझर त्या जागी मेमसेटलाच कॉल घालण्याची शक्यता असते, आणि मग ते फंक्शन स्वतःलाच बोलावत राहते. लूपचे असे रूपांतर थांबवणारा पर्याय केवळ त्या एका फाइलपुरता दिला आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

छपाईच्या फंक्शनाने आठवडा घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता, कारण थरांच्या नियमांची खरी परीक्षा इथेच होती.

अडचण अशी. कर्नलमधल्या प्रत्येक भागाला काही ना काही छापायचे असते. छपाई कन्सोलवर, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या उपकरणावर, होते आणि कन्सोल हा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत वरचा थर. छापताना दोन ओळी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून लॉक लागते. लॉकच्या कोडात काही विपरीत आढळले तर ते पॅनिकला, म्हणजे कारण सांगून यंत्र थांबवणाऱ्या फंक्शनाला, कॉल करते. पॅनिकला कारण छापायचे असते. म्हणजे छपाई लॉकवर अवलंबून, लॉक पॅनिकवर अवलंबून, आणि पॅनिक पुन्हा छपाईवर. याखेरीज मेमरी मागणाऱ्या फंक्शनालाही छापायचे असते, आणि कन्सोलला बफरसाठी मेमरी हवी असते. नावाजलेल्या फोल्डरांची कितीही नक्कल केली तरी ही गाठ सुटत नाही, कारण ती फोल्डरांची गाठच नाही.

आम्ही ती तीन जागी कापली. पहिला तुकडा लिबमध्ये गेला : नमुना आणि किमती घेऊन अक्षरे तयार करणारे फंक्शन. ते अक्षर कुठे छापायचे हे जाणत नाही. प्रत्येक तयार अक्षर त्याला दिलेल्या एका फंक्शनाच्या हवाली करते. दुसरा तुकडा आर्चमध्ये गेला, आणि तो इतका लहान आहे की त्याचे वर्णन इथेच पुरे करता येते. पहिल्या सिरीयल पोर्टचा पत्ता हेक्स ३एफ८ आहे. त्यापासून पाच पुढे, म्हणजे ३एफडीवर, लाइन स्टेटस रजिस्टर असते. ते वाचत राहायचे. त्यातला पाचव्या क्रमांकाचा बिट १ झाला की पाठवण्याचे रजिस्टर रिकामे झाले असे समजायचे, आणि ३एफ८ वर अक्षराचा बाइट लिहायचा. लॉक नाही, इंटरप्ट नाही, मेमरीची मागणी नाही. पॅनिक फक्त हाच मार्ग वापरतो. यंत्र मरणपंथाला लागले असताना लॉक मिळेल की नाही याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. दोन ओळी एकमेकींत मिसळल्या तरी चालतील, पण कारण बाहेर आले पाहिजे.

तिसरा तुकडा कर्नलमध्ये आहे. नेहमीची छपाई एका ठराविक आकाराच्या रिंग बफरमध्ये, म्हणजे भरला की पुन्हा आरंभापासून लिहिल्या जाणाऱ्या साठ्यात, अक्षरे टाकते. हा बफर कर्नलच्या प्रतिमेतच राखून ठेवलेला असल्याने तो मागावा लागत नाही. एखादा कन्सोल तयार झाला की तो स्वतःची नोंदणी करतो, बफरमध्ये तोवर साठलेला मजकूर एकदम घेतो, आणि पुढचा येईल तसा घेत राहतो. एकही कन्सोल नसला तरी छपाई अडत नाही. भावाने हेक्स बी८००० वरच्या ८० रकाने आणि २५ ओळींच्या व्हीजीए मजकूर पडद्याचा ड्रायव्हर लगेच या पद्धतीला जोडून पाहिला, आणि कर्नल फोल्डरमधली एकही ओळ बदलावी लागली नाही. हीच कसोटी पुढच्या प्रत्येक ड्रायव्हरला लावायची आहे.

२ मार्च, रविवार

कोणता भाग आधी उभा राहावा याचा क्रम आज लिहून काढला. आधी आर्चचा सिरीयल मार्ग, कारण त्याशिवाय बाकी कशाचेच अपयश कळत नाही. मग जीडीटी, त्यानंतर आयडीटी, कारण आयडीटीच्या प्रत्येक नोंदीत जीडीटीतल्या कोड सेगमेंटचा क्रमांक लिहावा लागतो. मग भौतिक मेमरीचा हिशेब, मग कायमची पेज टेबले, मग हीप (मागाल तेवढी मेमरी देणारा भाग), मग इंटरप्ट कंट्रोलर आणि टायमर, आणि शेवटी शेड्यूलर.

आयडीटी मेमरीच्या आधी असण्याचे कारण व्यवहारातले आहे. पेज टेबलांच्या कामात पेज फॉल्ट, म्हणजे टेबलाने मान्य न केलेल्या पत्त्याला हात लावल्याची चूक, होणारच, आणि त्याचा क्रमांक १४. त्या खणात फंक्शन असेल तर सीआर२ रजिस्टरमधला पत्ता छापून थांबता येते. नसेल तर पेज फॉल्टचा डबल फॉल्ट होतो, डबल फॉल्टचा ट्रिपल फॉल्ट होतो, आणि यंत्र एक अक्षरही न सांगता पुन्हा सुरू होते. इंटरप्ट कंट्रोलरचेही असेच. जुन्या ८२५९ ची बायोसने केलेली मांडणी तशीच ठेवली तर टायमरचा इंटरप्ट ८ व्या क्रमांकावर येतो, आणि तो क्रमांक प्रोसेसरने डबल फॉल्टसाठी राखलेला आहे. म्हणून सर्व क्रमांक ३२ पासून पुढे सरकवल्याशिवाय इंटरप्ट सुरू करायचे नाहीत.

माझे वडील रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. त्यांना हा क्रम वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी विचारले, "आणि एखाद्याने क्रम मोडला तर तुझं यंत्र त्याला अडवतं का?" भुसावळच्या यार्डात काटा योग्य बाजूस बसून कुलूपबंद झाल्याशिवाय त्या मार्गाचा सिग्नल देताच येत नाही, स्टेशन मास्तरने नियम लक्षात ठेवला की नाही यावर ते अवलंबून नसते, इंटरलॉकिंगच तशी असते. आमचा क्रम तोवर फक्त मुख्य फंक्शनातल्या ओळींच्या क्रमात होता. आता कर्नलमध्ये एक चल आहे, जो कितव्या टप्प्यापर्यंत उभारणी झाली ते सांगतो. हीपकडून मेमरी देणारे फंक्शन आधी तो टप्पा तपासते, आणि हीप उभा राहण्याआधी कोणी मागणी केली तर मागणाऱ्याचा पत्ता छापून पॅनिक करते. ही तपासणी आता प्रत्येक भागाच्या दारात आहे.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

सुटी असल्याने भौतिक मेमरीचे काम मार्गी लागले. मेमरी वाटणाऱ्या भागाला स्वतःच्या नोंदींसाठी मेमरी कोठून मिळावी, हा जुना पेच. एका पेजला एक बिट धरला आणि पेज, म्हणजे वाटपाचा मेमरीचा तुकडा, ४०९६ बाइटांचे, तर क्यूईएमयू न सांगता देतो त्या १२८ एमबीत ३२,७६८ पेज होतात आणि त्यांचा बिटमॅप नेमका एका पेजमध्ये मावतो. ४ जीबी धरले तर १२८ केबी लागतात. गिरणा ४ जीबीच्या वरची मेमरी वापरणार नाही असे ठरवून तो १२८ केबीचा बिटमॅप बीएसएस विभागात, म्हणजे सुरुवातीला शून्य असलेल्या मेमरीच्या भागात, कायमचा ठेवला आहे. त्याने कर्नलची फाइल फुगत नाही आणि पेच मुळातच उरत नाही. बिट शोधण्याचे कोड लिबमध्ये, ग्रबने दिलेला मेमरी नकाशा वाचण्याचे कोड आर्चमध्ये, आणि वाटपाचा निर्णय कर्नलमध्ये.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

भौतिक पत्ता (खऱ्या मेमरीतला) आणि आभासी पत्ता (पेज टेबलांतून बदलून घेतला जाणारा) यांना आजपासून दोन वेगळे प्रकार दिले. दोन्ही ६४ बिटांच्या संख्याच आहेत, आणि साध्या संख्या म्हणून ठेवल्या तर एकीच्या जागी दुसरी दिली तरी कंपायलर मुकाट्याने घेतो. प्रत्येकीला एका सदस्याच्या स्ट्रक्टमध्ये बंद केले की तो घेत नाही. एकातून दुसऱ्यात जाण्याची फंक्शने फक्त आर्चच्या सार्वजनिक हेडरमध्ये आहेत. फंक्शनांच्या नावांच्या सुरुवातीला त्यांच्या भागाचे संक्षिप्त नाव असावे, हेही आज ठरले; एनएमची यादी वाचताना त्याचा फार उपयोग होतो.

२० एप्रिल, रविवार

ऊन फार वाढले आहे आणि दुपारी वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, त्यामुळे काम पहाटे होते. या दिवसांत चाचण्यांची बाजू भक्कम करायची ठरवली, कारण त्या लहान तुकड्यांत करता येतात.

लिब कोणालाही कॉल करत नाही या नियमाचे फळ इथे हाती आले. लिब नेहमीच्या कंपायलरने कंपाइल होते आणि लिनक्सवर साध्या प्रोग्रामसारखी चालते. बिटमॅप, स्ट्रिंग आणि छपाईचा नमुना यांच्या चाचण्या क्यूईएमयू सुरू न करताच होतात, आणि ॲड्रेस सॅनिटायझर लावला की मर्यादेबाहेरचे लेखन लगेच पकडले जाते. कर्नलमध्ये हेच लेखन शेजारच्या चलाची किंमत बदलून गप्प बसले असते.

कर्नलच्या चाचण्यांना मात्र क्यूईएमयू लागतोच. त्यात चाचणी संपल्यावर बाहेर पडण्यासाठी एक छोटे आभासी उपकरण जोडता येते. आम्ही त्याला हेक्स एफ४ हा पोर्ट दिला आहे. त्या पोर्टवर लिहिलेल्या संख्येची दुप्पट अधिक एक हा क्यूईएमयूचा एक्झिट कोड होतो. त्यामुळे तो शून्य कधीच नसतो, आणि यशासाठीही शून्येतर संख्या ठरवून स्क्रिप्टला सांगावी लागते. सोबत यंत्र पुन्हा सुरू न होऊ देणारा पर्याय दिला की ट्रिपल फॉल्टचे चक्र थांबते आणि इंटरप्टची नोंदवही वाचता येते.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी (अक्षय्य तृतीया)

मावशी आखाजीला माहेरी आली आणि तिच्यासोबत भाऊही आला, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी समोरासमोर बसून बोलणे झाले. पुरणपोळी आणि आमरसाच्या जेवणानंतर त्याने जो विषय काढला तो त्याच्या मनात बरेच दिवस असावा.

"दादा, गिरणा मराठीत का बोलत नाही? नाव आपल्या नदीचं आणि ओळी सगळ्या इंग्रजी."

मलाही ते हवे आहे, म्हणून ते टाळण्याऐवजी ते कुठे बसते याचा आम्ही नीट विचार केला. व्हीजीएच्या मजकूर पडद्यावर एका वेळी २५६, फार तर ५१२ अक्षरचित्रे असतात आणि प्रत्येक चित्र ठराविक रुंदीच्या चौकटीत. देवनागरीत जोडाक्षरे होतात, मात्रा वर-खाली लागतात, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते पण आधी दिसते. म्हणजे फ्रेमबफर (पडद्याच्या ठिपक्यांची मेमरी) हवा, फॉन्ट हवा, आणि अक्षरांची जुळवणी करणारे कोड हवे. हे जुळवणीचे कोड मोठे आणि गुंतागुंतीचे असते, आणि त्यात दोष निघाला तर सगळे यंत्र कोसळेल अशा जागी, म्हणजे कर्नलमध्ये, ते ठेवणे मला पटत नाही. ते युजर प्रोग्राममध्ये, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, असावे; कर्नलने केवळ फ्रेमबफरची मेमरी त्या प्रोग्रामच्या हाती द्यावी.

कर्नलपुरते तरीही एक काम आजच निघाले. युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य विभाग हेक्स ०९०० ते ०९७एफ असा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये त्यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आमचा रिंग बफर भरला की जुने बाइट टाकून देतो, आणि ते टाकताना एखादे चिन्ह मधोमध तुटू शकते. यूटीएफ-८ मध्ये चिन्हाच्या मधल्या बाइटांचे वरचे दोन बिट नेहमी १० असतात, त्यामुळे तशा बाइटांवरून पुढे सरकून पुढच्या चिन्हाच्या आरंभी थांबणे सोपे आहे. हे फंक्शन भावाने संध्याकाळी लिबमध्ये लिहिले, त्याची चाचणीही लिहिली, आणि चाचणीचा मजकूर म्हणून खान्देशातल्या तालुक्यांची नावे घातली. कीबोर्डचीही अशीच वाटणी केली : इंटरप्टच्या फंक्शनाने ६० या हेक्स पोर्टवरचा बाइट फक्त रांगेत टाकावा, कोणत्या कळेला कोणते अक्षर, हे टेबल वेगळ्या फाइलमध्ये असावे, म्हणजे उद्या इनस्क्रिप्टचा मराठी लेआउट आणताना ड्रायव्हर उघडावा लागणार नाही.

१८ मे, रविवार

युजर प्रोग्रामांचा फोल्डर वेगळा केला, कारण त्यांचे कंपायलर पर्यायच वेगळे आहेत. कर्नल पत्त्यांच्या शेवटच्या २ जीबीत लिंक होतो आणि त्याला तसा कोड मॉडेल द्यावा लागतो. युजर प्रोग्राम खालच्या पत्त्यांवर असतात आणि त्यांना रेड झोनही चालतो, कारण इंटरप्ट आल्यावर प्रोसेसर कर्नलचा स्टॅक घेतो. दोघांत सामाईक अशी एकच फाइल आहे, सिस्टिम कॉलचे क्रमांक आणि त्यांची स्वरूपे सांगणारी. कर्नलमधले टेबल आणि युजर बाजूचे असेम्ब्लीचे तुकडे हे दोन्ही त्या एका फाइलवरून तयार होतात. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कॉलला द्यायचा नाही.

८ जून, रविवार

पहिला पाऊस झाला आणि काम पुन्हा नेहमीच्या वेळांवर आले. आता फाइल सिस्टिमची पाळी आहे. डिस्कच्या ड्रायव्हरआधी ग्रबकडून मॉड्यूल म्हणून येणारी टार फाइल (अनेक फायलींचे एकत्र गाठोडे) वाचायची, म्हणजे वाचण्याचा मार्ग उपकरणाशिवाय तपासता येईल. युएसटार या टारच्या स्वरूपात प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटांचे शीर्ष असते, तिचा आकार त्यात अष्टमान अंकांच्या मजकुरात लिहिलेला असतो, आणि फाइलचा मजकूर ५१२ च्या पटीपर्यंत शून्यांनी भरून काढलेला असतो.

कोड लिहिण्याआधी फाइल सिस्टिमची हेडर लिहून भावाकडे पाठवली आहे : उघडणे, वाचणे, बंद करणे आणि फोल्डरची यादी देणे, एवढीच चार फंक्शने. लिहिण्याची सोय या हेडरमध्ये मुद्दाम ठेवलेली नाही, कारण टार फाइलला ती लागणार नाही आणि जिला लागेल ती फाइल सिस्टिम अजून आमच्यासमोर नाही. शीर्ष वाचण्याचे आणि अष्टमान संख्या काढण्याचे कोड लिबमध्ये जाईल. त्याच्या चाचणीसाठी तुटलेल्या, रिकाम्या आणि खोटा आकार सांगणाऱ्या टार फायली भाऊ या आठवड्यात तयार करणार आहे. मॉड्यूल मेमरीत जिथे येते ती पेज बिटमॅपमध्ये वापरात म्हणून नोंदवणे आर्चकडून व्हायला हवे, आणि ते वाटप सुरू होण्यापूर्वी. उभारणीच्या क्रमात त्यासाठी नवा टप्पा घातला आहे.